केशरोपणाची ‘आजीवन हमी’ आणि माझे 2,13,850 रुपये

केशरोपणाने लावलेले केस आयुष्यभर टिकतात, असे प्रत्येक केंद्र सांगते, आणि अडचण अशी की हे विधान सर्वस्वी खोटे नाही. डोक्याच्या मागच्या भागातले केस पुढे नेऊन लावले तरी ते आपला मूळ गुणधर्म सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइश यांनी 1959 साली मांडले आणि आजची संपूर्ण शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे. मला फसवणाऱ्यांनी हे तत्त्व माझ्यापुढे ठेवले आणि त्याला जोडलेल्या अटी दडवल्या. त्या दडवलेल्या अटींपायी माझे 2,13,850 रुपये गेले, आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे डोक्याच्या मागचे, पुन्हा कधीही न मिळणारे केस गेले.

हिशेब आधी मांडतो, कारण अशा केंद्रांत आकडे तोंडी बदलत राहतात. 2019 साली पुण्यातील एका केंद्राने मला 3,500 ग्राफ्ट (मुळासकट उचललेली एक ते तीन-चार केसांची जुडी म्हणजे एक ग्राफ्ट), प्रत्येकी 45 रुपये, असा दर दिला, म्हणजे 1,57,500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 28,350 रुपये धरून रक्कम 1,85,850 झाली. त्यातले 25,000 मी यूपीआयने आगाऊ दिले, 60,000 रोख दिले आणि उरलेले 1,00,850 त्यांनीच जोडून दिलेल्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून गेले. पुढे पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव डोक्यात टोचण्याच्या, सत्रांचे 18,000 आणि ‘आजीवन हमी कार्डा’चे 10,000 वेगळे घेतले. केशरोपणाला आरोग्यसेवेची करमाफी मिळत नाही, त्यामुळे जीएसटी आकारण्यात गैर काही नव्हते. मात्र मला मिळालेल्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. ज्या पावतीवर हा क्रमांक नाही तिच्यावर कर देऊ नका, आणि रोख तर अजिबात देऊ नका. माझ्या 60,000 रुपयांचा आज कोणताही पुरावा नाही.

हे वाचणारे काही जण म्हणतील की शिकलेल्या माणसाने एवढी चौकशी करायला हवी होती. मी चौकशी केली होती. मी अभियंता आहे, एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याची एफयूई पद्धत काय आणि जुनी पट्टी कापण्याची पद्धत काय, हे मला माहीत होते. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरा परिणाम वर्षभराने दिसतो, हेही मी वाचले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा एकाच बैठकीत 9,000 हून अधिक ग्राफ्ट लावून घेतल्यानंतर मृत्यू झाला होता आणि ती बातमी मी समुपदेशक बाईंसमोर काढली. त्या म्हणाल्या, “सर, म्हणूनच आम्ही 3,500 च्या वर जात नाही.” माझ्या भीतीलाच त्यांनी आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा करून टाकले. त्या वेळी माझे वय 29 होते, घरी स्थळे पाहणे चालू होते आणि फोटो पाहून नकार येत होते. लग्नाच्या बाजारात टक्कल पडलेल्या मुलाला किती सहज बाजूला ठेवले जाते, हे ज्याने सोसले आहे त्याला मी वेगळे सांगायला नको.

ज्या क्षणी सगळे उघड व्हायला हवे होते, तो क्षण शस्त्रक्रियेच्या खोलीतला आहे आणि तो आठवला की आजही माझ्या अंगाची लाही होते. मी पालथा झोपलो होतो, भूल दिलेली होती, आणि मागचे केस काढण्याचे काम दोन तंत्रज्ञ करत होते. ज्या डॉक्टरांचे नाव मला सांगितले होते ते सकाळी कपाळावर केसांची रेषा आखून निघून गेले होते आणि नंतर दिसले नाहीत. दुपारी एका तंत्रज्ञाने दुसऱ्याला विचारले, “आकडा बसत नाही, काय करायचे?” दुसरा म्हणाला, “खाली मानेपर्यंत घे, कानाच्या वरूनही घे.” मला ते स्पष्ट ऐकू आले. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “सर, मान जरा खाली घ्या, सगळे मागचेच केस आहेत.” मागचे सगळे केस सारखे नसतात, ही एकच गोष्ट त्या वेळी मला ठाऊक असती तर मी तेथून उठलो असतो. पण सुन्न डोक्याने, अर्धे मुंडण झालेल्या अवस्थेत, पूर्ण पैसे भरून झोपलेला माणूस उठून काय करणार होता? तो आकडा माझ्या सोयीसाठी पूर्ण होत नव्हता, बिलासाठी होत होता. ग्राफ्टवर दर लावणाऱ्या केंद्रात हे असेच घडणार, कारण तेथे प्रत्येक जादा ग्राफ्टचे पैसे असतात आणि वाया गेलेल्या ग्राफ्टचेही असतात.

पहिली अडीच-तीन वर्षे परिणाम उत्तम होता. लग्न झाले. मी स्वतः दोन मित्रांना त्याच केंद्राचे नाव सुचवले आणि याची खंत मला पैशांहून अधिक आहे. 2022 पासून लावलेल्या पट्ट्याच्या मागे जागा मोकळी होऊ लागली, आणि 2024 पर्यंत पुढे विरळ केसांची एक पट्टी, तिच्यामागे टक्कल आणि खाली मानेवर पांढऱ्या ठिपक्यांचे व्रण, असे माझे डोके झाले. केस बारीक कापले की व्रण दिसतात, वाढवले की पुढचे बेट दिसते. टोपी घालून कार्यालयात बसणे म्हणजे काय, हे मी येथे लिहीत नाही.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने डोके पाहून जे समजावले तेच मला 2019 मध्ये कोणीतरी सांगायला हवे होते. पुरुषी टक्कल हा चालू राहणारा आजार आहे. अमेरिकी संशोधक हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये आणि नॉरवूड यांनी 1975 मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या. त्या सात आहेत आणि मी तेव्हा तिसरीवर होतो. माझे वडील आणि दोन्ही काका सातव्या पायरीवर आहेत. केशरोपण पुढची पोकळी भरते, आजार थांबवत नाही; मूळचे केस डीएचटी या संप्रेरकामुळे बारीक होत जाऊन गळतच राहतात. पहिल्या तीन वर्षांत मला जी दाटी दिसली ती बरीचशी माझ्या मूळ केसांची होती आणि विरळ लावलेले ग्राफ्ट त्यांच्या आड झाकले गेले होते. मूळ केस गेले तेव्हा आत किती थोडे लावले होते ते उघडे पडले. त्यातच डीएचटीला दाद न देणारा सुरक्षित पट्टा मागच्या बाजूला मर्यादित उंचीचा असतो. मानेजवळचे आणि कानांवरचे केस अनेकांचे पुढे वयानुसार विरळ होतात. तेथून उचललेले केस कपाळावर लावले तरी ते तसेच विरळ होणार, कारण ओरेंट्राइश यांचे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू होते. टिकाऊ केस टिकतात, गळणारे गळतात. माझे दोन्ही प्रकारचे वापरले गेले, आणि सुरक्षित पट्ट्यातले मोजके ग्राफ्ट 29 व्या वर्षीच संपवले गेल्यामुळे दुरुस्तीसाठी आता पुरेसे केसच शिल्लक नाहीत.

केंद्राने मला लेखी पत्रकात सांगितले होते की केशरोपणानंतर कोणत्याही औषधाची गरज नाही. फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम हे औषध अमेरिकेत पुरुषी टकलासाठी 1997 पासून मान्य आहे आणि मूळ केस टिकवण्यासाठी ते दीर्घकाळ घ्यावे लागते. बंद केले की मिळालेला फायदा हळूहळू जातो. त्याचे दुष्परिणाम असू शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. पण त्याचे नावही न काढता पीआरपी विकणे हा सल्ला नव्हे, व्यापार आहे. ‘औषध लागणार नाही’ हे वाक्य जेथे ऐकाल तेथून त्याच पावली परत या.

हमी कार्ड घेऊन मी केंद्रात गेलो. जागा तीच, फर्निचरसुद्धा तेच, पाटीवर नाव वेगळे. “सर, आधीच्या कंपनीच्या हमीशी आमचा संबंध नाही,” असे सांगण्यात आले. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले आहे की हमी फक्त लावलेल्या केसांपुरती आहे, मूळ केस गळाल्यास केंद्र जबाबदार नाही, आणि हमीचा लाभ म्हणजे पुन्हा विनामूल्य बैठक. मागे केस उरले नसताना विनामूल्य बैठकीचा उपयोग काय? शस्त्रक्रियेची नोंद मागितली तर ती नष्ट केल्याचे सांगितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यायची असतात, पण नोंदी जपण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे. म्हणून कागद शस्त्रक्रियेच्या आठवड्यातच मागून घ्या; ग्राफ्टची मोजणी, त्यात एकेरी, दुहेरी, तिहेरी किती, आणि कोणी काढले, कोणी लावले, हे सहीनिशी लिहून घ्या.

यानंतर जे झाले त्याचा मला मूळ फसवणुकीइतकाच संताप आहे. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने कागद न वाचता माझ्या डोक्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अहो, सही तुम्हीच केलीत ना? हा दिवाणी मामला आहे.” मी आग्रह धरला तेव्हा सांगितले की डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीला वैद्यकीय समितीचा अभिप्राय लागतो, तो आणा. सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल त्यासाठी पुढे केला गेला. पण तो निकाल डॉक्टरांना संरक्षण देतो, आणि माझे केस काढणारे डॉक्टर नव्हतेच! डॉक्टरांच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयात गेलो तर नोंदणी क्रमांक विचारला. काम तंत्रज्ञांनी केले असे सांगताच उत्तर आले की बिगरडॉक्टर त्यांच्या अखत्यारीत येत नाहीत, पोलिसांकडे जा. विनानोंदणी वैद्यक व्यवसाय हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961 च्या कलम 33 खाली गुन्हा आहे, हे मी दोन्हीकडे लिहून दिले आणि दोन्हीकडे तो कागद फाइलमध्ये गेला. आरोग्य खात्यातील कारकुनांनी सांगितले की रुग्ण रात्री मुक्कामाला राहत नसल्याने हे शुश्रूषागृह नाही. फायनान्स कंपनीने सांगितले की कर्ज आणि उपचार वेगळे आहेत. केशरोपण ही शस्त्रक्रिया असून ती शल्यकर्माचे औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी, कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितले. ही सूचना छापील स्वरूपात माझ्या हातात होती. ती वाचण्याची तसदी एकाही टेबलामागच्या माणसाने घेतली नाही, आणि मे 2025 मध्ये कानपूरमध्ये दोन अभियंत्यांच्या मृत्यूप्रकरणी आरोपी दंतवैद्य न्यायालयात शरण आल्याची बातमी वाचताना मला हीच टेबले आठवली.

सर्वांत मोठा अन्याय मुदतीचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि केशरोपणातली फसवणूक उघडी पडायलाच त्याहून अधिक काळ लागतो. मला एका कार्यालयात सरळ सांगितले गेले की 2019 चे प्रकरण मेले. माझ्या वकिलांचे म्हणणे वेगळे आहे: केंद्राने हमी नाकारली तो दिवस कारण घडल्याचा दिवस मानावा, आणि पुरेसे कारण दाखवल्यास ग्राहक आयोग उशीर माफही करू शकतो. त्या आधारावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून पैशांच्या भीतीने कोणी थांबू नये. हमी नाकारली गेली तर ती लेखी नाकारायला लावा. तोंडी नकाराला तारीख नसते.

आणखी काही गोष्टी. तुमच्या शस्त्रक्रियेत छेद कोण देणार, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा आणि त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक स्वतः तपासा. वर्षभरानंतरचे फोटो पाहून भुलू नका, सात-आठ वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला माणूस प्रत्यक्ष भेटवा म्हणा आणि त्याचे केस ओले करून पाहा. समुपदेशनाच्या दिवशीच कर्जाच्या अर्जावर सही करू नका. वडील, काका, मामा यांची डोकी पाहून मगच कपाळावरची रेषा किती खाली घ्यायची ते डॉक्टरांशी ठरवा. विशीत असाल तर आधी वर्षभर औषध घेऊन गळती थांबते का ते पाहा.

ज्यांच्याकडे 2018 ते 2020 या काळातली पुण्यातील अशी ‘आजीवन हमी’ कार्डे आहेत, त्यांनी ती फेकू नयेत, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत आणि डोक्याच्या मागच्या भागाची त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून तारखेसह अहवाल घ्यावा. माझ्या तक्रारीची पुढची सुनावणी ठरायची आहे आणि त्याच केंद्राविरुद्ध दुसरी तक्रार आली, तर जागा तीच असून केवळ पाटी बदलली आहे, हे सिद्ध करणे माझ्या वकिलांना सोपे जाईल.