बाळाला पालथं घालायची पाण्याची चटई: सहा महिन्यांच्या वापरानंतर

चटई पीव्हीसीची, साधारण ६६ बाय ५० सेंटीमीटर. कडेच्या कप्प्यात हवा, मधल्यात पाणी, आत प्लॅस्टिकचे मासे. बाळाच्या तळहाताचा दाब पडला की मासा सरकतो आणि तो बघायला मान वर राहते. कल्पना खरंच चांगली, पण पहिले अडीच-तीन महिने ती खोक्यातच राहू द्या.

त्या वयात डोकं जेमतेम काही सेकंद उचललं जातं. खाली आलं की गाल लाळेने ओल्या प्लॅस्टिकला चिकटतो, पाणी हलतं, कोपर सरकतं. मग बाळ रडतं आणि आपण म्हणतो, याला पालथं आवडतच नाही. लादीवर सतरंजी, वर सुती दुपटं ताणून घातलं की तेच बाळ टिकतं. जाड गादी नको, तीत हात रुततात. पंच्याची मनगटाएवढी जाड वळकटी छातीखाली, काखांच्या रेषेत. दोन्ही हात तिच्या पुढे, कोपरं खांद्यांखाली. वळकटी पोटाकडे घसरली तर उपयोग उलटा, डोकं आणखी खाली जातं. समोर २५-३० सेंटीमीटरवर घासलेलं स्टीलचं ताट भिंतीला टेकवा, नाहीतर आईनेच समोर पालथं पडावं. तिच्या चेहऱ्याइतकं काहीच चालत नाही.

दूध पाजल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर गुळणी ठरलेली. लंगोट बदलल्यावरची वेळ सगळ्यांत बरी. सुरुवातीला एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग हळूहळू वाढवत जायचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस आहे ती दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी किमान ३० मिनिटांची. नाक दुपट्यावर घासायला लागलं, मुठी आवळल्या की उचला. रडेपर्यंत थांबू नका.

बाळ कोपरांवर छाती उचलून राहायला लागलं की चटई खोक्यातून काढा. आधी कडेची हवा, मग पाणी. पाणी जास्त झालं की मधला भाग नगाऱ्यासारखा ताठ होतो आणि बाळ एका कुशीला कलंडतं. तळवा दाबल्यावर खालची लादी लागली पाहिजे, इतपतच भरा. थंडीत कोमट पाणी घ्या. हवेचे बुडबुडे झडपेकडे ढकलून काढा, नाहीतर मासे अडकतात. पाणी दर आठवड्याला बदललं नाही तर आतून बुळबुळीत होतं, वासही येतो. गळती बहुधा शिवणीच्या जोडावर: साबणाचं पाणी लावलं की फुगे दिसतात, पण ठिगळ पूर्ण कोरड्यावरच बसतं. एप्रिल-मेमध्ये उघडं पोट चटईवर पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, घामोळं येतं.

पालथ्या बाळाजवळून हलायचं नाही. डोळा लागला की लगेच उताणं करून त्याच्या जागी झोपवायचं, चटईवर कधीच नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ सरकायला लागलं की गुडघ्यांखाली चटईच पुढे-मागे पळते. तेव्हा पाणी काढा, झडप उघडी ठेवून दोन दिवस वाळवा, मगच घडी घाला.