डीव्हीडी टॉवरमध्ये २८,६५० रुपये गेले. जुने रायटर घेणाऱ्यांनी वाचा

"आता डीव्हीडी कोण वापरतं?" हे विचारायचं असेल तर पुढे वाचू नका. पोलिसांनी विचारून झालं, मोठ्या भावाने विचारून झालं, बायको तर अजून विचारतेच आहे. वापरतात हो. वकील लोक सीसीटीव्हीचं फुटेज कोर्टात लावायला डिस्क मागतात. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एमआरआय काढला की पाकिटातून सीडी निघते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लागतात तिथे भीमगीतांच्या डिस्क आजही विकल्या जातात, कारण खेड्यावरून येणाऱ्या माणसाच्या घरी जुना प्लेअर चालू स्थितीत असतो. माझा नंदनवनला छोटा स्टुडिओ आहे. मिक्सिंग, लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट डिस्कवर करून देणं, असली कामं. घर त्याच्यावरच चालतं.

इंदोऱ्याच्या एका गायन पार्टीने स्वतःच्या गाण्यांच्या व्हिडिओच्या ५०० डीव्हीडी मागितल्या. नगाला ४५ रुपये, ८,००० ॲडव्हान्स हातात, आणि दसऱ्याच्या आधी माल पाहिजे. माझ्याकडे रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारे ड्राइव्ह, दोनच. म्हणून टॉवर शोधायला निघालो. वर एक वाचणारा ड्राइव्ह, खाली सात लिहिणारे, कॉम्प्युटर लागत नाही, एका दमात सात कॉप्या. नवा मिळत नाही. डिस्क बनवणारी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. ज्या धंद्यातून बनवणारेच निघून गेले त्यात दुकानदार नवा माल कशाला भरेल? उरतो तो भंगारातल्या कॉम्प्युटरमधून काढलेला, पुसलेला, वरून कोरं स्टिकर मारलेला माल. त्याला आता "रिफर्बिश्ड" म्हणतात.

बर्डीतल्या एका गल्लीत, पहिल्या माळ्यावर, असा टॉवर मिळाला. किंमत २१,५००. दुकानदार तोंडाचा गोड. मी काही विचारायच्या आधीच त्याने फाइल उघडली. "भाऊ, तुम्ही जाणकार दिसता. सातही ड्राइव्हचा बेंचमार्क काढून ठेवला हाय, पाहून घ्या ना." प्रत्येक रायटरच्या वाचण्याच्या चाचणीचा छापील आलेख, नीरो डिस्कस्पीड या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण "तुला कळायला पाहिजे होतं" म्हणणारे बरेच भेटले. मला कळतं. डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला १,३८५ केबी, सीडीचा फक्त १५०. १६ एक्सचा ड्राइव्ह पूर्ण डिस्कभर १६ ने वाचत नाही. चकती एकाच गतीने फिरते म्हणून आतल्या बाजूला साडेसहा-सात एक्सने सुरू होतो, बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत १६ होतात, सरासरी पडते अकरा-बाराची. पूर्ण ४.७ जीबी वाचायला पावणेपाच ते पाच मिनिटं लागतात. त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत १६ ची सरळ आडवी रेघ दाखवली असती तर मी जिना उतरलो असतो, कारण आतल्या कडेला १६ एक्स द्यायला चकती मिनिटाला वीस हजारांच्या वर फिरवावी लागेल आणि असा ड्राइव्ह कोणी बनवलेला नाही. पण आलेख अगदी बरोबर होते. छान चढत गेलेले. म्हणून तर बसलो.

घरी आल्यावर ते सातही कागद फरशीवर शेजारी-शेजारी मांडले तेव्हा दिसलं की प्रत्येकावर ॲक्सेस टाइम (डिस्कवरची जागा गाठायला लागणारा वेळ) मिलिसेकंदापर्यंत सारखा, बर्स्ट रेट (ड्राइव्हमधून कॉम्प्युटरकडे माहिती जायचा कमाल वेग) दशांशापर्यंत सारखा. एकच ड्राइव्ह लागोपाठ दोनदा तपासला तरी आकडे थोडे हलतात. म्हणजे चांगला ड्राइव्ह एक, प्रिंटा सात. दुकानात तो एकेक कागद पुढे करायचा, बोलत राहायचा आणि आधीचा फाइलमध्ये सरकवायचा. आणि चाचणी कुठल्या डिस्कवर? कंपनीत छापलेल्या सिनेमाच्या. छापील डिस्क मरायला टेकलेला ड्राइव्हसुद्धा वाचतो. घेणारे असाल तर घरी लिहिलेली डिस्क सोबत न्या आणि ती वाचायला लावा.

तरी मी म्हटलं, वाचायचं राहू द्या, लिहून दाखवा. मी वेडा नाही. कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती, प्लस आर आणि मायनस आर. पिशवीत माझ्या प्लस आर डिस्क होत्या, त्या काढल्या. तो म्हणाला, "प्लस नको जी, या टॉवरले मायनसच सूट होते." स्वतःचा मायनस आरचा डबा काढला. सात ट्रेमध्ये सात डिस्क ठेवल्या, वर मास्टर म्हणजे मूळ डिस्क, छोट्या स्क्रीनवर दोन-तीन बटणं दाबली. सातही दिवे लुकलुकायला लागले, घरघर वाढत गेली, स्क्रीनवर एमबी आणि मिनिटं पुढे सरकू लागली. सहाएक मिनिटांत सातही ट्रे धडाधड बाहेर आले. स्क्रीनवर पास सात, फेल शून्य. खरं सांगतो, पाहायला मस्त वाटतं.

आणि मग त्याने त्या सातही डिस्क उचलल्या, एकावर एक रचल्या आणि परत त्याच डब्यात, कोऱ्या डिस्कांच्या दांडीवर घातल्या. वरून झाकण फिरवलं.

माझ्या डोळ्यासमोर. दोन फुटांवर. लिहिलेली डिस्क कोऱ्या डिस्कांत परत कोण ठेवतं? या धंद्यात इतकी वर्षं आहे, मीच पोरांवर ओरडतो की लिहिलेली वेगळी ठेवा. त्या क्षणी डोक्यात काय आलं ते लिहायची लाज वाटते: माणूस नीटनेटका दिसतो. त्यातली एक डिस्क हातात घेऊन उलटी केली असती तर तिथेच काम संपलं असतं. लिहिलेल्या डिस्कची जांभळी बाजू उजेडात तिरकी धरली की लिहिलेला पट्टा वेगळ्या छटेचा दिसतो, जिथे लिहिणं थांबलं तिथे बारीक गोल रेघ असते. त्या सात डिस्कांवर यातलं काही असणं शक्यच नव्हतं. पण तेवढ्यात चहा आला.

त्याने बटण दाबलं होतं "टेस्ट"चं, "कॉपी"चं नाही. टेस्टमध्ये सगळं नाटक खरं असतं. चकती फिरते, हेड सरकतं, वेग पूर्ण, फक्त लेझर लिहिण्याच्या ताकदीवर येत नाही. डिस्क कोरी ती कोरीच. कॉम्प्युटरवर लिहिताना "सिम्युलेट"ची खूण असते तेच हे. आणि ही सोय मायनस आरमध्ये आहे, प्लस आरमध्ये नाही. आता कळलं ना "सूट" काय होत होतं? लेझर म्हातारा झालेला रायटर टेस्टमध्ये नव्यासारखा पळतो, कारण त्याची कमजोरी जिथे दिसते तेवढंच काम त्याच्याकडून करून घेतलेलं नसतं. तेव्हा लिहायची चाचणी स्वतःच्या प्लस आरवरच करायला लावा. नाही म्हणाला की उठा.

पैशांचं: २,००० टोकन नगदी, १९,५०० क्यूआरवर. नाव दुकानाचं नाही, दुसऱ्याच कोणाचं आलं. "साळ्याचं खातं हाय जी." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला १८ टक्के वरून लागतील, म्हणजे ३,८७०. कच्च्या चिठ्ठीवर घेतलं. हे वाचून हसणाऱ्यांनी आपल्या घरातल्या किती वस्तूंची पक्की बिलं आहेत ते आधी मोजावं.

पहिल्या खेपेत ३५० डिस्क काढल्या, १७ रुपयांची एक, म्हणजे ५,९५० चा माल. स्क्रीनवर सगळ्या पास. गायन पार्टीला पोचवल्या. मग फोन सुरू. पहिली गाणी झकास, शेवटची अडकतात, चौकोन पडतात, प्लेअर डिस्क बाहेर फेकतो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेला वेग सगळ्यात जास्त. थकलेला लेझर तिथेच हात टेकतो. माझ्या जुन्या लाइटऑन ड्राइव्हमध्ये एक डिस्क घालून क्वालिटी स्कॅन केलं (सगळे ड्राइव्ह हे करून देत नाहीत, लाइटऑन देतो). पीआय फेल्युअर, म्हणजे वाचताना पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका, ४ च्या आत पाहिजेत. आतल्या भागात बरे होते, ३ जीबीच्या पुढे तीस-चाळीस. त्याच डिस्कचा वाचण्याचा आलेख काढला तर शेवटचा भाग दात पडलेल्या कंगव्यासारखा.

टॉवर खोलला. एकेक रायटर कॉम्प्युटरला लावला. स्टिकरवर एक मॉडेल, आणि सॉफ्टवेअर विचारतं तेव्हा ड्राइव्ह नाव सांगतो दुसरंच. स्टिकर कोणीही छापतं, पण ड्राइव्हच्या आतलं नाव आणि फर्मवेअर बदलायला अक्कल लागते, तेवढे कष्ट हे घेत नाहीत. इमगबर्न हे डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं तरी दिसतं, फुकट आहे. वेग ८ वर आणून पाहिला; एक रायटर सोडून बाकी सगळ्यांची तीच गत. तो एक कोणता ते ओळखलंच असेल.

दुकानदार आधी म्हणाला नागपूरची गर्मी आहे, ड्राइव्ह तापतात. ऑक्टोबर हीट टॉवरच्या आत जाऊन बसली म्हणे. मग म्हणाला तुमच्याकडचा व्होल्टेज कमी आहे, एसएमपीएस (टॉवरला वीज देणारा डबा) बदला. त्याचे १,२०० त्यानेच घेतले. मग फोन उचलणं बंद. समोर जाऊन उभा राहिलो तर, "माल पाहून घेतला ना तुम्ही? तुमच्यासमोरच टेस्ट केला ना?" समोरच केला. तेच तर दुखतं. २१,५०० अधिक ५,९५० अधिक १,२००, झाले २८,६५०. गायन पार्टीचे ८,००० परत केले ते यात धरलेले नाहीत, आणि गेलेलं गिऱ्हाईक कशात धरायचं ते मला माहीत नाही.

आता साहेब लोकांचं ऐका. ठाण्यात गेलो तर म्हणाले हे सायबरचं, पैसे मोबाइलवरून गेले ना? सायबरवाले म्हणाले दुकानात जाऊन वस्तू घेतली, यात सायबर काय, ठाण्यात जा. परत ठाणं. तिथले म्हणाले हा दिवाणी मॅटर. मी म्हटलं, खोटी चाचणी दाखवून पैसे घेतले, ही सरळ ४२० आहे. तर साहेबांनी मला शिकवलं की ४२० आता राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं. कलमाचा नवा नंबर पाठ, पण लिहून घ्यायला पेन सापडेना! मी टेस्ट आणि कॉपीतला फरक समजावत होतो, डिस्क उलटी करून दाखवत होतो, आणि साहेब विचारतात, "सीडी? आजकाल सीडी कोण वापरतं?" त्यांच्या कोपराशी केसच्या फाइली होत्या. प्रत्येकीला खाकी पाकीट स्टेपल केलेलं, पाकिटात डीव्हीडी, वर मार्करने गुन्हा नंबर. मी त्या पाकिटाकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं? उद्या ती पाकिटं कोर्टात उघडतील आणि शेवटची पाच मिनिटं अडकतील तेव्हा कोणाला विचारणार? अर्ज ठेवून घेतला. पोच द्यायलाही तयार नव्हते, तिथेच बाकावर बसून राहिलो तेव्हा शिक्का मिळाला. शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका. अर्जाचं पुढे काय झालं विचाराल तर, बंदोबस्त आहे. नागपुरात बंदोबस्त कधी नसतो?

ग्राहक तक्रारीची चौकशी केली तर खिडकीवरच्याने मान न उचलता सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. मी घरी येऊन कायदा वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात मोडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी शून्य आहे. आणि मागूनही बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर तो तिथे कशाला, आणि माहीत असून सांगत नसेल तर मग बोलायलाच नको. परत गेलो तर म्हणतात वकिलामार्फत या. स्वतः करता येते तक्रार, वकील सक्तीचा नाही. तेही मीच त्यांना सांगायचं!

दुकान अजून चालू आहे. टॉवरची नवी जाहिरात आहे, "बेंचमार्क रिपोर्टसहित", १८,०००. धंतोलीकडच्या एका एक्स-रेवाल्याने चौकशी केली असं ऐकलं, त्यांच्या माणसापर्यंत कोणी हे पोचवा. जाणारच असाल तर स्क्रीनचा व्हिडिओ काढा, कोणतं बटण दाबलं ते त्यात दिसलं पाहिजे. लिहिलेल्या डिस्क पिशवीत टाकून घरी आणा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर शेवटपर्यंत वाचून पाहा, मगच पैसे.

आणि त्या माळ्यावरून आधी कोणी माल घेतला असेल तर मला मेसेज करा. सारखीच तक्रार असलेल्यांना ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. माझ्याकडे सात सारखे कागद, अर्जाची पोच आणि साळ्याच्या नावाची पावती आहे. पक्कं बिल असलेला एक तरी माणूस पाहिजे.