ग्रब उडालं तर बूट-रिपेअर की हाताने चरूट?

विंडोजशेजारी उबुंटू इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली की ग्रब, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उबुंटू किंवा विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, बिघडू शकतं; पुढे स्क्रीनवर नुसतं 'ग्रब रेस्क्यू' दिसतं आणि पोटात गोळा येतो, पण डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, म्हणून घाईने फॉरमॅट मारू नका.

बूट-रिपेअर, म्हणजे ग्रब आपोआप दुरुस्त करणारं टूल, सोपं आहे. लाईव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट) उबुंटू चालू करायचं, नेट जोडायचं, टूल टाकायचं आणि शिफारस केलेल्या दुरुस्तीचं बटण दाबायचं. नवख्या माणसाने हेच करावं. फक्त ते आत काय बदलतं ते नीट कळत नाही, आणि विंडोज यूईएफआयमध्ये (बूट होण्याची नवी पद्धत, जुनी म्हणजे बायोस) असेल तर पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट करा, लोक इथेच फसतात!

मला स्वतःला चरूट आवडतं, म्हणजे लाईव्ह उबुंटूमधून डिस्कवर बसवलेल्या उबुंटूत शिरून हाताने कमांड चालवणं. रूट पार्टिशन (डिस्कचा उबुंटू बसलेला भाग) माउंट करायचं, म्हणजे एका फोल्डरला जोडायचं, ईएफआयवालं (बूटच्या फाइल्सचं) फॅट३२ पार्टिशन त्यातल्या बूट फोल्डरच्या आतल्या ईएफआय फोल्डरवर, मग डेव्ह, प्रोक, सिस हे सिस्टमचे फोल्डर बाइंड करून (आत जोडून) चरूट, आणि ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब या कमांड. ग्रबची पॅकेजेस आधीच बसलेली असतील तर नेटही लागत नाही, आणि एरर आली तर नेमकी कुठल्या पायरीवर ते समोर दिसतं. मात्र आधी एलएसबीएलके या पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या कमांडने पार्टिशनचं नाव दोनदा बघा, चुकीचं माउंट झालं तर सगळी मेहनत वाया.

फाइल कॉपी होतानाच इन्स्टॉल अर्धवट तुटलं असेल तर दोन्हीचा उपयोग नाही, बॅकअप घेऊन परत इन्स्टॉल करा.