ऑईल खाणारी सेकंड हँड गाडी: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव, मोजमापासकट

गाडी बाराशे सीसी पेट्रोल, चार सिलेंडर, १६ व्हॉल्व्ह, ऐंशी हजाराच्या पुढे पळालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही कंपनीच्या गाडीत येऊ शकतो आणि नाव लिहिलं की सगळी चर्चा तिकडेच वळते. गाडी दिसायला एकदम चकाचक, एसी मस्त, सस्पेन्शन टाईट, पिकअपला काही तक्रार नाही, आणि हजार किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑईल गायब. खाली थेंब नाही, एरवी मागे धूर नाही. आता हा खप साधारण ३०० एमएलवर आलाय आणि इंजिन अजून खोललेलं नाही. मधल्या काळात काय काय केलं, कशाने किती फरक पडला ते सगळं लिहितोय, कारण पहिल्याच मिस्त्रीने "हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग बदलणं) म्हटल्यावर माणूस एकदम खचतो आणि एकतर पन्नास हजार घालतो नाहीतर गाडी पडेल त्या भावात विकून टाकतो, आणि बऱ्याचदा दोन्हीची गरज नसते.

पहिलं म्हणजे डॅशबोर्डवरच्या लाल ऑईल लाईटवर विसंबून राहू नका. तो लाईट ऑईलची लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. बहुतेक साध्या गाड्यांत लेव्हलचा सेन्सरच नसतो. म्हणजे तो पेटतो तेव्हा चेंबरमधलं (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं तो भाग) ऑईल इतकं खाली गेलेलं असतं की पंप हवा ओढायला लागलेला असतो, आधी घाटातल्या वळणांवर क्षणभर चमकतो आणि मग सरळ रस्त्यावर, आणि तोपर्यंत बेअरिंगांना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हिशोब करा ना, माझ्या गाडीत फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास ऑईल बसतं आणि सर्व्हिस इंटरव्हल १०,००० किलोमीटरचा. हजाराला लिटर जात असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत गाडी पोचणारच नाही.

मग एवढं ऑईल जळतं तर धूर का दिसत नाही, हे मला सुरुवातीला कळायचंच नाही. म्हणून आकडेमोड केली. ताशी सरासरी ४० ने हजार किलोमीटर म्हणजे २५ तास, सरासरी २,००० आरपीएम धरला तर इंजिनचे ३० लाख फेरे, चार सिलेंडर फोर स्ट्रोक म्हणजे एका फेऱ्याला दोन स्फोट, एकूण ६० लाख. एक लिटर ऑईल ६० लाख स्फोटांत वाटलं तर एका स्फोटाला थेंबाचा साधारण तीनशेवा भाग येतो. हे काय डोळ्याला दिसणार? शिवाय सायलेन्सरच्या लाईनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उरलंसुरलं जाळतो. त्यामुळे धूर नाही म्हणून ऑईल जळत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि पीयूसी पास झाली म्हणून इंजिन ठणठणीत असंही समजू नका.

मोजायची पद्धत एकदा ठरवली ती शेवटपर्यंत बदलली नाही. सोसायटीच्या पार्किंगमधली एकच सपाट जागा, गाडी फिरवून गरम झालेली, बंद करून दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं ऑईल खाली उतरतं, डिपस्टिक पुसून परत घालायची आणि मगच वाचायची. मॅक्सपर्यंत भरून ओडोमीटरचा आकडा लिहायचा, आणि टॉप अप करताना लिटरच्या कॅनवर बाजूला एमएलच्या खुणा असतात त्या बघून किती ओतलं ते लिहायचं. मॅक्सच्या वर मात्र अजिबात भरू नका, क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदर पाईपमधून इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायचा मार्ग) जाऊन अजून जास्त जळतं. ही वही नसती तर पुढचं काहीच करता आलं नसतं, कारण कोणत्याही कामानंतर "बरं वाटतंय" यापलीकडे काही सांगताच आलं नसतं.

कंपन्यांच्या लेखी नॉर्मल काय, हाही एक चीड आणणारा विषय आहे. काही मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत तर एक लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत टोयोटाच्या २एझेड-एफई इंजिनाच्या, म्हणजे त्या काळातल्या कॅमरीत यायचं ते, ऑईल खाण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीला २००७ ते २००९ च्या गाड्यांसाठी पिस्टन आणि रिंगा बदलून द्यायचा खास वॉरंटी प्रोग्राम काढावा लागला, आणि तिथेही निकष होता १,२०० मैलाला एक क्वार्ट, म्हणजे आपल्या भाषेत हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. टोयोटासारख्या कंपनीच्या इंजिनात हे होतं तर आपल्या जुन्या गाडीत झालं म्हणून आभाळ कोसळलं असं नाही. पण म्हणून अर्धा लिटर नॉर्मल आहे हेही मला पटत नाही, चांगलं इंजिन एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत टॉप अप मागत नाही.

सुरुवात लीकपासून केली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, ऑईल प्रेशर स्विच, गिअरबॉक्सच्या जोडापाशी मेन सील, सगळं टॉर्च मारून बघितलं. टॅपेट कव्हर थोडं ओलं होतं, पॅकिंग बदललं, वहीतला आकडा हलला नाही. कूलंट स्वच्छ, ऑईल कॅपखाली दुधाळ काही नाही, म्हणजे हेड गॅस्केटही (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं नाही.

मग पीसीव्ही. इंजिनात रिंगांवरून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो परत इनटेकमध्ये ओढून जाळायचं काम हा छोटा व्हॉल्व्ह करतो. उघडाच अडकला तर इनटेकचा व्हॅक्यूम गॅसबरोबर ऑईलची वाफही ओढतो, बंद अडकला तर आत प्रेशर वाढून ऑईल सीलमधून बाहेर ढकललं जातं. आयडलला गाडी चालू ठेवून ऑईल कॅप हळूच उघडायची. हलकी ओढ लागली तर ठीक, कॅप निघता निघत नसेल नाहीतर शिट्टी वाजत असेल तर पीसीव्ही बघा, आणि भसाभसा वाफ बाहेर येत असेल तर रिंगांकडे संशय न्या. माझ्याकडे ओढ जरा जास्तच होती, थ्रॉटल बॉडीचा पाईपही आतून तेलकट. पुण्यात नाना पेठेत पार्ट मिळाला, बदलायला अर्धा तास. खप लिटरवरून आठशे एमएलच्या आसपास. एवढ्याशा पार्टला एवढा फरक म्हणजे भारीच, आणि आधी ज्या वर्कशॉपने हाफ इंजिनचं कोटेशन हातात दिलं होतं तिथे कोणी ती कॅप उघडूनसुद्धा बघितली नव्हती, याचा मला अजूनही राग येतो.

ऑईलबद्दल सगळ्यांचा एकच सल्ला, "जाड टाका, २०डब्ल्यू-५० टाका, बंद होईल". नका टाकू. बऱ्याच नवीन इंजिनांत व्हीव्हीटी (ऑईलच्या दाबावर व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) असतं, काहींत हायड्रॉलिक टॅपेट असतात, बारीक गाळण्या असतात, सकाळी थंड असताना जाड ऑईल वरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. आधी मॅन्युअल उघडा, माझ्यात ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० ही चालतं असं स्पष्ट दिलंय. मी ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक घेतलं, एसीईए (युरोपियन मानक) ए३/बी४ स्पेकचं. या स्पेकमध्ये गरम असताना, जोरात घासलं जात असताना ऑईलचा थर किती टिकतो त्याची किमान मर्यादा जास्त कडक आहे, ३.५ एचटीएचएस म्हणतात ती, आणि दुसरं म्हणजे नोआक, म्हणजे २५० डिग्रीला एका तासात किती टक्के ऑईल उडून जातं, ते यात १३ टक्क्यांच्या वर चालत नाही, नुसत्या एपीआय एसपीला (अमेरिकन मानक) १५ टक्क्यांपर्यंत चालतं. ऑईल कंपनीच्या साईटवर डेटाशीट असते, त्यात नोआकचा आकडा दिलेला असेल तर बघा, जितका कमी तितका चांगला. फरक पडला पण थोडाच, सातशेच्या आसपास आलं.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं. चारही सिलेंडर १७०-१८० पीएसआयच्या आसपास, एकसारखे. आणि इथेच बहुतेक लोक गोंधळतात की कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा चांगल्या, मग ऑईल जातंय कुठे? पिस्टनवर तीन रिंगा असतात, वरच्या दोन मुख्यतः कॉम्प्रेशन धरतात, सर्वात खालची ऑईल रिंग काचेवरच्या वायपरसारखी बोअरवरचं (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑईल पुसून खाली पाठवते. ऑईल वेळेवर बदललं नाही की या तिसऱ्या रिंगेत आणि तिच्यामागच्या बारीक भोकांत कार्बन बसतो, रिंग खाचेत चिकटते, पुसायचं काम बंद पडतं, पण वरच्या दोन ठीक असल्याने कॉम्प्रेशन मस्त येतं आणि पिकअपही जात नाही. माझ्या गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड नंतर मागवलं तर आधीच्या मालकाकडे मधली मोठी गॅप होती. प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलेंडरचा काळा, ओला, बाकी तीन बरे.

कोल्हापुरात आमच्या घरापासून शिवाजी उद्यमनगर जवळ, तिथले एक जुने मिस्त्री, बोअरिंग-रिबोअरिंगच्या कामात आयुष्य गेलेले, त्यांना प्लग आणि रीडिंग दाखवली. म्हणाले, "दादा, कॉम्प्रेशन हाय न्हवं, मग खोलायची घाई कशाला? आधी भिजवून बघू." म्हणजे पिस्टन सोक. प्लग काढायचे, क्रँक फिरवून चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणायचे, प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं केमिकल पिस्टनचा माथा बुडेल इतकं सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. मध्ये मध्ये क्रँक थोडा हलवायचा. सकाळी फ्युएल पंपाचा रिले आणि कॉईलचे कनेक्टर काढून, भोकांवर फडकी टाकून, प्लग न लावताच सेल्फ मारायचा म्हणजे उरलेलं बाहेर फेकलं जातं. ही पायरी गाळली आणि प्लग लावून स्टार्ट केलं तर पातळ पदार्थ दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून ज्याला हे माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्या. नंतर ऑईल आणि फिल्टर लगेच बदलायचं कारण केमिकल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्ट केल्यावर पांढरा-निळा धूर इतका निघाला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली, पण थोड्या वेळात साफ. दोनदा केलं, मध्ये दीड-दोन हजार किलोमीटरचं अंतर ठेवून. खप पाचशेच्या खाली आला. हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही, रिंग झिजली असेल किंवा बोअरला चरे असतील तर कुठल्याच केमिकलने काही होत नाही. पण चिकटलेली असेल तर पहिल्यांदा हेच करा.

राहिला होता सकाळचा धूर. रोज नाही, पण दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की पहिल्या स्टार्टला निळा फुगा. आणि आंबा घाटात, कोल्हापूरकडून साखरप्याला उतरताना, तिसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवर नसतो आणि खाली येऊन दाबला की आरशात निळसर दिसायचं. गिअरवर उतरताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम प्रचंड असतो, तो कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑईल ओढतो. उलट चढावर जोर देताना सतत धूर असेल तर रिंगा. हे पोरांनाही समजेल असं आहे पण कोणी सांगत नाही. सील बदलायला हेड उतरवायलाच लागतं असं नाही, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. १६ सील, रबरची छोटी टोपणं, सेट स्वस्त, मजुरी त्याच्या कितीतरी पट, कारण कॅमशाफ्ट काढावे लागतात आणि टायमिंग नीट जुळवावं लागतं. काम झाल्यावर सकाळचा धूर गेला तो गेलाच, घाटातलाही, आणि वहीत तीनशे-साडेतीनशे एमएल दिसायला लागलं. तिथून आजपर्यंत तेवढंच आहे.

पैशाचं बोलायचं तर आधी वर्षाला १२,००० किलोमीटरला बारा लिटर ऑईल नुसतं टॉप अपला, लिटरला सातशे धरले तरी आठ हजाराच्या वर. आता चार लिटर. रिंगांचं काम, हेड पॅकिंग, बेअरिंग धरून कोटेशन पन्नास हजाराच्या आसपास होतं आणि मी आत्तापर्यंत सगळं मिळून त्याच्या निम्म्यातही नाही. पण फक्त ऑईलच्या किमतीवर निर्णय घेऊ नका. जळणाऱ्या ऑईलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचं काम हळूहळू बंद पाडतो, मग चेक इंजिन लाईट आणि स्कॅनरवर पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही हा कोड), आणि तो कन्व्हर्टर कितीला पडतो ते एकदा विचारून बघा. लिटरभर खाणारी गाडी "टॉप अप करत चालवू" म्हणून वर्षानुवर्षं चालवणं म्हणूनच मला बरोबर वाटत नाही. हवेचाही प्रश्न आहेच.

गाडी घ्यायला जाणाऱ्यांसाठी एवढंच की इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जा. मला दाखवली तेव्हा ती आधीच गरम करून ठेवलेली होती आणि आत जाड ऑईल होतं, ते पहिल्या ऑईल चेंजला कळलं. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, कोरडी काजळी चालेल, चिकट तेलकट काळं आलं तर सावध. ऑईल कॅपखाली मोबाईलचा टॉर्च मारा, आत मधासारखा सोनेरी रंग असेल तर ठीक, काळा घट्ट थर असेल तर मालकाने ऑईलकडे दुर्लक्ष केलंय. विकणारा डिपस्टिक बघू देत नसेल तर तिथूनच परत या.

सध्या डिकीत एक लिटरचा कॅन, फनेल आणि फडकं कायम असतं, पुणे-कोल्हापूरला निघायच्या आधी डिपस्टिक बघतो, ऑईल १०,००० ऐवजी ५,००० ला बदलतो. दिवाळीच्या आधी पुढची सर्व्हिस आहे, तेव्हा प्लग परत काढणार. तिसऱ्या सिलेंडरचा प्लग पुन्हा ओला निघाला आणि खप पाचशेकडे सरकला असेल तर मात्र उद्यमनगरातच रिंगांचं काम टाकणार, मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. जे होईल ते आकड्यांसकट इथेच लिहितो.