स्लो कुकरमधला स्टेक आणि ग्रेव्ही : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेऊन आता आठ महिने झाले. कामावरून आल्यावर सातला स्वयंपाकाला लागायचं, नऊला जेवायचं आणि दहाला ओटा आवरायचा, याचा मला खरंच कंटाळा आला होता. म्हणून घेतानाच ठरवलं की आठवड्यातून एकदा तरी यात स्टेक आणि ग्रेव्ही करायची, आणि ते जवळजवळ पाळलं. तीसेक वेळा करून झाल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगते. या यंत्राने वेळ वाचत नाही, तो सरकतो. रात्री दहा मिनिटं आणि सकाळी पंधरा मिनिटं मला द्यावीच लागतात. पण संध्याकाळी दारातून आत आल्यावर, अंगात त्राण नसताना, करायचं काम फार तर वीस मिनिटांचं उरतं. माझ्यासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

स्टेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकलेला, आतून गुलाबी तुकडा येतो. हा स्टेक तो नव्हे. हा पूर्ण शिजलेला, काट्याने सुटणारा, ग्रेव्हीत मुरलेला. हा फरक न समजल्यामुळे माझा पहिला स्टेक वाया गेला. पहिल्यांदाच करतोय तर चांगलं मांस आणू, म्हणून मी हौसेने रिबआय, म्हणजे बरगडीजवळचा महागडा कट, आणला. आठ तासांनी झाकण काढलं तर सुताच्या लडीसारखे धागे झालेले, आणि ग्रेव्हीत बुडूनही कोरडे. महागडा कट मुळातच मऊ असतो. जनावराच्या ज्या भागाला फारसे कष्ट पडत नाहीत तिथला तो असतो, त्यामुळे इतका वेळ शिजवून मिळवण्यासारखं त्यात काही नसतं, घालवण्यासारखं मात्र बरंच असतं.

इथे लागतो तो चिवट कट. खांद्याचा चक किंवा ब्लेड सगळ्यात उत्तम. हे स्नायू जनावर आयुष्यभर वापरतं, म्हणून त्यांच्यात कोलॅजन भरपूर असतं, आणि मांसाला चिवट करणारं कोलॅजनच पुढे मंद आचेवर विरघळून जिलेटिन होतं. ग्रेव्हीला ओठांना किंचित चिकटणारा जो गुळगुळीतपणा येतो, तो त्याचा. मागच्या मांडीचा राउंडही चालतो. पण त्यात चरबी कमी असते, त्यामुळे तो सात तासांच्या पुढे गेला की भुसभुशीत व्हायला लागतो. चक तासभर जास्त राहिला तरी सांभाळून घेतो. मी आता खाटकाकडून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून घेते. त्याहून पातळ असले तर शिजून त्यांचा चुरा होतो.

आता एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मी पाचव्या तासाला काटा खुपसून पाहिला आणि मांस रबरासारखं लागलं. वाटलं, जास्त शिजून कडक झालं. घाईने बंद केलं आणि तसंच वाढलं. खरं तर ते शिजायचंच राहिलं होतं. मांस तापलं की आधी त्याचे तंतू आखडतात आणि पाणी बाहेर टाकतात, तेव्हा ते सगळ्यात चिवट असतं. कोलॅजन विरघळायला त्यानंतर सुरुवात होते, साधारण 70 अंश सेल्सियसच्या वर, आणि तेही सावकाश. म्हणजे मधल्या तासांत चिवट लागणारं मांस बिघडलेलं नसतं, त्याला अजून दोन-तीन तास हवे असतात. हे कळल्यापासून माझा एकही चक फसलेला नाही.

मांस परतायचं की कच्चंच टाकायचं, हे मी दोन्ही करून पाहिलं. पाठोपाठच्या दोन आठवड्यांत, तेच साहित्य, तेवढाच वेळ. मऊपणात काही फरक नाही. चवीत मात्र जमीन-अस्मानाचा. न परतलेल्या मांसाची ग्रेव्ही फिकट करड्या रंगाची झाली आणि उकडल्यासारखी लागली. खरपूस चव देणारी रासायनिक क्रिया, जी लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडली, ती जोमाने व्हायला 140 अंशांच्या आसपास उष्णता लागते. स्लो कुकरमध्ये रस असतो, आणि रस उकळीच्या वर तापत नाही. म्हणजे आठ काय, अठरा तास ठेवला तरी तो रंग त्यात येणार नाही. तो तव्यावरच आणावा लागतो.

माझी सकाळ अशी असते. मांस आधी कागदाने टिपून कोरडं करते, कारण ओलं मांस तव्यावर भाजत नाही, वाफवतं. मीठ-मिरी लावून मैद्यात हलकंसं घोळवते. जाड बुडाच्या पॅनमध्ये तेल चांगलं तापलं की दोनच तुकडे टाकते आणि हात लावत नाही. सुरुवातीला तुकडा पॅनला धरून बसतो. तीनेक मिनिटांनी आपणहून सुटतो, तेव्हा उलटायचा. चारही तुकडे झाले की पॅनच्या तळाला तपकिरी खरवड धरलेली असते. ती धुऊन टाकू नका, खरी ग्रेव्ही तीच आहे. त्यावर कपभर स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओतला की सूंऽ करून वाफ येते. लाकडी उलथन्याने तळ खरवडला की मिनिटभरात तो स्टॉक गडद होतो. तो सगळा कुकरमध्ये.

कांदा मी आदल्या रात्रीच परतून फ्रिजमध्ये ठेवते. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये ब्राउन होत नाही, नुसता गोडसर पाणचट होतो. मांस मात्र आदल्या रात्री परतून ठेवू नका, हे कळकळीने सांगते. बाहेरून भाजलेलं आणि आतून कच्चं मांस रात्रभर ठेवणं सुरक्षित नाही. परतलं की थेट कुकरमध्येच जायला हवं. तसंच गोठलेलं मांसही नको. ते इतकं हळू तापतं की जंतू वाढण्याच्या पट्ट्यात, म्हणजे 5 ते 60 अंशांच्या दरम्यान, फार वेळ राहतं. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये खाली ठेवून ते पूर्ण सुटू द्यावं.

एक किलो चकला माझं प्रमाण आता पक्कं झालंय. दोन मोठे कांदे, दोनशे ग्रॅम मशरूम, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, एक मोठा चमचा वूस्टर सॉस, चार पाकळ्या लसूण, एक तमालपत्र, थोडा थाइम आणि फक्त एक कप स्टॉक. पहिल्यांदा हे बघून मलाही वाटलं होतं की एवढ्याशा पाण्यात कसं शिजेल. पण झाकणाखालून वाफ फारशी जात नाही, आणि मांस, कांदा, मशरूम तिघंही पाणी सोडतात. कपाचे दोन कप होतात. सुरुवातीला मी मांस बुडेल इतका स्टॉक घालायचे आणि मग संध्याकाळी सूप हाती यायचं. मीठही बेतानेच, विशेषतः तयार स्टॉकच्या वड्या वापरत असाल तर. शेवटी चव बघून वाढवता येतं. गाजर-बटाटे घालायचे तर तळाशी आणि कडेला घाला. ते मांसापेक्षाही उशिरा शिजतात, आणि आच तिथे जास्त लागते.

ग्रेव्ही दाट करणं हा माझा सगळ्यात जास्त झगडलेला भाग. एकदा सकाळीच कॉर्नफ्लोअर कालवून घातलं, म्हटलं संध्याकाळचं तेवढं काम वाचेल. आठ तासांनी ग्रेव्ही पुन्हा पाण्यासारखी. स्टार्च फार वेळ शिजला, त्यातून टोमॅटोसारखं आंबट सोबत असलं, की त्याची पकड सुटते. मांसाला लावलेला मैदा थोडाफार तग धरतो आणि ग्रेव्हीला अंग देतो, पण तेवढं पुरत नाही. मग कुकरमध्येच शेवटी कॉर्नफ्लोअर घालून ‘हाय’वर, म्हणजे जलद शिजवण्याच्या बटणावर, ठेवून पाहिलं. वीस मिनिटं झाली तरी कच्च्या पिठाची चव गेली नाही, कारण रसाला उकळीच येईना.

आता करते ते असं. मांस हलक्या हाताने ताटात काढून झाकून ठेवते. रस छोट्या पातेल्यात ओतते आणि पाच मिनिटं तसाच राहू देते, म्हणजे चरबी वर येते. ती पळीने काढते. सगळी नाही, थोडी चवीला ठेवते. मग पातेलं गॅसवर. दोन चमचे कॉर्नफ्लोअर तीन चमचे गार पाण्यात कालवून, रस खळखळत असताना धार धरून ओतायचं आणि ढवळत राहायचं. गार पाण्यातच कालवायचं, गरम रसात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. मिनिट-दीड मिनिटात रसाचे बुडबुडे जड होतात, फुटताना फट् असा आवाज येतो. चमचा बुडवून काढायचा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढायची. रेघ मिटली नाही की झाली ग्रेव्ही. क्रीम घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर. सकाळपासून घातलं तर फाटतं. हा सगळा प्रकार दहा मिनिटांचा आहे, आणि हा टाळला तर उरलेल्या आठ तासांना काही अर्थ राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

‘लो’ आणि ‘हाय’बद्दल बराच गैरसमज आहे, माझाही होता. बहुतेक स्लो कुकरमध्ये दोन्हीचं शेवटचं तापमान जवळपास सारखंच असतं, उकळीच्या जरा खाली. फरक आहे तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. चकला मला ‘लो’वर आठ तास लागतात, ‘हाय’वर साडेचार ते पाच. सुट्टीच्या दिवशी ‘हाय’वर केला आहे, छान होतो, तरी ‘लो’वरच्या तुकड्यांचा आकार जास्त नीट टिकतो.

झाकण उघडायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड नियम. लेक शाळेतून आली की आधी कुकरपाशी जाते. परवा सुट्टीमुळे मीही घरी होते. झाकणाच्या काचेजवळ नाक नेऊन म्हणाली, “आई, वास तर आलाय मस्त. बघू का उघडून?” म्हटलं, “नको गं, एकदा उघडलंस की जेवण अर्धा तास पुढे जाईल.” ते खरंच आहे. कोंडलेली वाफ गेली की हरवलेली उष्णता भरून काढायला या यंत्राला वीस-तीस मिनिटं लागतात, त्याची ताकदच तेवढी कमी असते. म्हणून लेक काचेवर टिचकी मारून थेंब खाली पाडते आणि तिथून बघते. ते चालतं.

यंत्राच्या तक्रारी दोन. पहिली मोठी आहे. माझं मॉडेल डिजिटल. वेळ संपली की आपोआप ‘वॉर्म’वर जातं, ते सोयीचं. पण वीज गेली आणि परत आली तर ते पुन्हा सुरू होत नाही. चौथ्या महिन्यात एकदा घरी आले तर पडद्यावर शून्यं लुकलुकत होती आणि भांडं कोमट. वीज केव्हा गेली ते कळायला मार्ग नव्हता. किलोभर मांस टाकून देताना जिवावर आलं, पण टाकलं, आणि तुम्हीही टाका. पुन्हा उकळून घेऊ, हा विचार करू नका, कारण काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. फिरवायच्या बटणाचे साधे कुकर वीज आल्यावर आपले आपण चालू होतात, पण मग मधे वीज गेली होती हे समजतच नाही. वीज वारंवार जात असेल तर घरी कुणी असेल त्या दिवशीच हा बेत करावा.

दुसरी तक्रार ‘वॉर्म’ची. त्यावरही मांस शिजत राहतं. एकदा मला यायला तीन तास उशीर झाला आणि राउंड कोरडा पडला. लांबचा दिवस असला की मी आता चकच घेते.

या यंत्राची मूळ कल्पनाच आपण जवळ नसताना शिजत राहण्याची आहे. शिकागोचे आयर्विंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुआनियातल्या विल्नियसची आठवण सांगितली होती. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंट या मंद शिजणाऱ्या रश्श्याची भांडी बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. त्यावरून त्यांनी विजेवर चालणारं भांडं बनवलं आणि 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. 1971 मध्ये तेच ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं. सकाळी झाकण लावून दाराबाहेर पडताना मला ती भट्टी हमखास आठवते.

आतलं भांडं जड आहे आणि गरम असताना गार पाण्याखाली धरलं तर तडकू शकतं, म्हणून मी ते निवेपर्यंत हात लावत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर आकार हाच घेईन, कारण किलोभर मांसाला भांडं अर्ध्याहून जास्त भरतं आणि आच सारखी लागते. मात्र आतलं भांडं धातूचं, थेट गॅसवर चालणारं बघेन, म्हणजे परतायचं त्यातच आणि खरवड कुठे ओतावीही लागणार नाही.

उरलेला स्टेक मी दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकते. तीन-चार दिवस चांगला राहतो, गरम मात्र गॅसवरच करते, स्लो कुकरमध्ये कधीच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रेव्ही खरवसासारखी थरथरत असते. पातेल्यात चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ठेवली की कडेने हळूहळू वितळायला लागते, आणि तोवर लेक पावाचा तुकडा हातात घेऊन शेजारी उभी असते.