अकरा मोजता आले पाहिजेत: ‘ओशन्स इलेव्हन’ जुना बघावा की नवा?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातल्या एका शनिवारी पडदा लागतो. या उन्हाळ्यात दरोड्याचा सिनेमा लावायचं ठरलं आणि यादी खुडत खुडत एकाच नावावर आली: ‘ओशन्स इलेव्हन’. पण या नावाचे सिनेमे दोन. एक १९६०चा, लुईस माइलस्टोन यांचा, फ्रँक सिनात्रा आणि त्याच्या मित्रमंडळींचा. दुसरा २००१चा, स्टीव्हन सोडरबर्ग यांचा, क्लूनी-पिट-डेमन-जुलिया रॉबर्ट्स असा ताफा घेऊन आलेला रिमेक. एकमत होईना, म्हणून एप्रिलमध्ये जुना लावला आणि मे महिन्यात नवा. आता कुणी विचारलं की एकच संध्याकाळ मोकळी आहे, कुठला बघू, तर माझ्याकडे उत्तर आहे. ते परीक्षणं वाचून आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परीक्षणांपुरतं बोलायचं तर निकाल केव्हाच लागला आहे. मूळ सिनेमापेक्षा रिमेक सरस ठरल्याची उदाहरणं कमी, आणि त्यांत हे नाव हमखास येतं. परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर नव्याला ऐंशी टक्क्यांच्या वर पसंती आहे, जुना पन्नाशीच्या आसपास रेंगाळतो. तसल्याच मेटाक्रिटिकवर नव्याचे गुण शंभरपैकी ७४. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले होते. कौतुकाचा सूर बहुतेकांचा एकच: देखणा, चटपटीत, नटमंडळी मजेत आहेत आणि ती मजा आपल्यापर्यंत पोचते. तक्रारही एकच: आत फारसं काही नाही. सोडरबर्ग यांना त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ट्रॅफिक’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं होतं. त्यानंतर डिसेंबरात हा इतका हलका सिनेमा आल्यावर काहींना चुटपुट लागणं मी समजू शकतो.

जुन्यावरचा आक्षेप वेगळा होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदर यांना गुन्ह्याकडे इतक्या बेफिकिरीनं बघणं खटकलं होतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. चाळीस वर्षांनी नव्या सिनेमाची जी गोष्ट लोकांनी वाखाणली, ती नेमकी तीच बेफिकिरी. मधल्या काळात हॉलीवूडचा प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याची नियमावली, १९६८मध्ये गेला होता. कोडच्या काळात चोराच्या हाती पैसा राहू देणं मुश्कील, म्हणून जुन्यात शेवटी पैसा जातो. नव्यात तो राहतो. तेव्हा दोन्ही काळांतले समीक्षक एकाच सिनेमाबद्दल बोलत नव्हते, असं माझं मत झालं आहे.

आणि दोन्हीकडे चर्चा फिरते ती तारे आणि थाट यांच्याभोवतीच. माझा कौल ज्यावर ठरला ती गोष्ट मात्र मला कुठल्या परीक्षणात ठळकपणे सापडली नाही.

एप्रिलच्या शनिवारी माझ्या शेजारी आमच्या तळमजल्यावरचे आजोबा बसले होते. आयुष्यभर बँकेत रोखपाल. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि त्यांनी विचारलं, “अकरा म्हणतात, पण आहेत कोण कोण?” मी बोटं मोजायला लागलो. सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर, पीटर लॉफर्ड, जोई बिशप. पाच झाले. मग तुरुंगातून नुकताच सुटलेला तो वीजतंत्री, रिचर्ड कॉन्टे. सहा. हेन्री सिल्वाचा चेहरा लक्षात राहण्यासारखा आहे, म्हणून सात. पुढे माझं बोट अडलं ते अडलंच. उरलेले चौघे पडद्यावर होते, बोलत होते, पत्ते खेळत होते. पण एक गेला आणि दुसरा आला तरी कळलं नसतं. मी हा सिनेमा त्याआधी दोनदा पाहिलेला होता. तिसऱ्यांदाही मला अकरा मोजता येत नाहीत याचा मला मनापासून त्रास झाला. ज्या सिनेमाच्या नावातच आकडा आहे, त्यानं एवढं तरी करावं.

नंतर त्याचं कारण शोधत बसलो. जुन्या सिनेमात अकरा माणसं का लागतात? तर लास व्हेगसमधले लुटायचे कसिनो पाच आहेत म्हणून. सहारा, रिव्हिएरा, डेझर्ट इन, सँड्स आणि फ्लेमिंगो. नववर्षाच्या आदल्या रात्री बाराच्या ठोक्याला विजेचा मनोरा पाडायचा, शहर अंधारात गेलं की पाचही ठिकाणचा गल्ला एकाच वेळी उचलायचा. कल्पना जबरदस्त आहे, मूळ कल्पनेचं सगळं श्रेय जुन्यालाच. पण पाच ठिकाणी दोघं-दोघं वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला एकच काम येतं: आत जा, पिशवी भर, बाहेर ये. ब्याऐंशीव्या एअरबोर्न डिव्हिजनचे हे जुने सैनिक, युद्धात एकत्र लढलेले, एवढी एक ओळख सगळ्यांना पुरवली आहे. प्रत्येक कसिनोत तोच जल्लोष, तेच नववर्षाचं गाणं, तोच अंधार. दुसऱ्या ठिकाणी उत्सुकता असते, चौथ्या ठिकाणी गच्चीवर लोक पाण्याच्या बाटल्या शोधायला लागले होते. त्यात दरोडा सुरू व्हायलाच तासाहून जास्त वेळ जातो.

टेड ग्रिफिन यांच्या नव्या पटकथेनं नेमकी इथेच हातोडी मारली आहे. तीन कसिनो, पण तिजोरी एक. बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड यांचा पैसा बेलाजिओच्या पोटात एकाच जागी जमा होतो. एकदा तिजोरी एक झाली की अकरा माणसांना अकरा वेगळी कामं द्यावीच लागतात. ती दिली आहेत. लायनस खिसेकापू. यान स्वतःला घडी घालून पेटीत बसणारा कसरतपटू. बॅशर स्फोटकांचा. लिव्हिंगस्टन कॅमेऱ्यांच्या तारांचा, आणि माणसांत गेला की घामाघूम होणारा. फ्रँक पत्ते वाटणारा. रूबेन पैसा पुरवणारा. मॅलॉय बंधू गाड्या हाकणारे आणि सतत एकमेकांशी भांडणारे. सॉल हा निवृत्त ठग, फ्लॉरिडात कुत्र्यांच्या शर्यतीला संत्रं सोलत बसलेला. हे नऊ, वर टोळीचा म्होरक्या डॅनी (क्लूनी) आणि त्याचा उजवा हात रस्टी (पिट). मे महिन्यात आजोबांनी मला काही विचारलं नाही. तेच मोजत होते.

सिनेमा मोजायला मदतही करतो. बारमध्ये बसलेला तो प्रसंग आठवून बघा. डॅनी म्हणतो, दहा पुरेत. रस्टी गप्प. डॅनी त्या गप्प राहण्यातूनच उत्तर काढतो की अजून एक हवा, आणि मग लायनसचा शोध सुरू होतो. मिनिटभराचा प्रसंग. त्यात आकडा पक्का होतो, दोघांची जुनी दोस्ती कळते आणि पुढच्या माणसाची वाट बघायची सवय आपल्याला लागते. लोक या सिनेमाला थाटाचा सिनेमा म्हणतात. मला तो सुताराच्या कामासारखा वाटतो: सांधा कुठे आहे ते दिसत नाही, पण खुर्ची डुगडुगत नाही. कॅमेराही सोडरबर्ग यांनीच पीटर अँड्रूज या नावानं हाताळला आहे, आणि खोलीत दहाजण असले तरी कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ होत नाही. डेव्हिड होम्सचं संगीत या सगळ्याला चालतं ठेवतं.

नव्यात खोट नाही असं मुळीच नाही. बॅशर झालेल्या डॉन चीडलचा लंडनी उच्चार इंग्रजी कानांना फार बोचला, त्यावर भरपूर लिहिलं गेलं. मला तो तितका जाणवला नाही. पण वऱ्हाडातल्या नटानं सिनेमाभर ओढूनताणून मालवणी बोलावं आणि सिंधुदुर्गातल्या माणसानं ते ऐकत बसावं, तसं होत असेल. जुलिया रॉबर्ट्सच्या टेसला करायला काही दिलेलंच नाही, हे मला जास्त खटकतं. दोन पुरुषांच्या मध्ये उभं राहायचं आणि एकाची निवड करायची. एवढ्या मोठ्या नटीला एवढंच? तिजोरीतून बाहेर आलेल्या पिशव्यांत पैशांऐवजी जाहिरातींचे कागद निघतात, ते आत गेले कधी, याचाही हिशोब लागत नाही. पहिल्यांदा बघताना तो प्रश्न पडत नाही, दुसऱ्यांदा पडतो, आणि एकदा पडला की जात नाही. शिवाय या टोळीचं काही बिघडेल अशी भीती क्षणभरही वाटत नाही, ही समीक्षकांची तक्रार मला मान्य आहे.

भीती जुन्यात आहे, आणि तिथे मला जुन्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच वीजतंत्र्यामुळे. टोनी बर्गडॉर्फला मुलाच्या भवितव्याची काळजी आहे आणि छातीचा एक्स-रे काही बरं सांगत नाही. अकरा जणांत घरदार असलेला, हाताला वेगळं काम असलेला हा माणूस, आणि तोच रस्त्यात कोसळतो. मग पैसा त्याच्याच शवपेटीत लपवायचा बेत होतो. बायको ठरवते की दफन नको, इथेच दहन करायचं. प्रार्थनागृहात रांगेत बसलेल्या त्या मित्रांना भट्टीचा आवाज ऐकू येतो आणि काय जळतंय ते त्यांना उमगतं. तो शेवट विलक्षण आहे. कोडनं पैसा काढून घ्यायला लावला असेल, पण तो असा काढून घ्यायचं डोकं लेखकांचं. त्यानंतर ते सगळे सँड्सच्या पाटीखालून पाय ओढत चालत जातात, पाटीवर नटांची खरी नावं. नव्या सिनेमात या तोडीचं एकही दृश्य नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

आणखी एका कारणासाठी जुना जपून ठेवावा. १९६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत ही मंडळी रात्री सँड्सच्या कोपा रूममध्ये गात होती आणि उरलेल्या वेळात चित्रीकरण करत होती. पडद्यावरचा सैलपणा तिथून आला आहे. तो कुणाला मोहक वाटेल, मला वेळकाढू वाटला. पण ते लास व्हेगस आता नाही. सँड्स १९९६मध्ये पाडलं, त्या जागी व्हेनेशियन उभं आहे. सॅमी डेव्हिस ज्युनिअर ज्या काळात हे काम करत होता, त्या काळात तिथल्या कसिनोंत काळ्या माणसांना ग्राहक म्हणून दार उघडं नव्हतं. ते चित्रीकरण संपल्यावर, मार्च १९६०च्या करारानं उघडलं. सिनेमात त्याच्याकडे कचऱ्याच्या गाडीचं काम आहे आणि तोंडाला काळं फासण्यावर एक विनोदही आहे. तो आज बघवत नाही. गच्चीवर त्या वेळी कुणी हसलं नाही. शीर्षकं मात्र सॉल बास यांची आहेत, आणि तेवढ्यासाठीसुद्धा सुरुवातीला वेळेवर येऊन बसावं.

तर एकच संध्याकाळ असेल, घरात वेगवेगळ्या वयाची माणसं असतील, तर मी भीतभीत का होईना, नवाच लावा म्हणेन. तुम्हाला सिनात्रा-मार्टिन यांची गाणी आधीपासून जिवाभावाची असतील तर माझं ऐकू नका. तुमचं पारडं आधीच झुकलेलं आहे आणि त्यात चूक काही नाही. दोन संध्याकाळी मिळाल्या तर आमच्यासारखा क्रम ठेवू नका. आधी नवा बघा, मग जुना. उलट क्रमानं आमचे निम्मे प्रेक्षक पहिल्याच महिन्यात गळाले होते, आणि त्या शेवटाला मुकले. शिवाय नव्यात मुष्टियुद्धाच्या गर्दीत अँजी डिकिन्सन आणि हेन्री सिल्वा बसलेले दिसतात, दोघंही जुन्या सिनेमातले. नंतर जुना बघताना हे चेहरे तरुण होऊन समोर येतात, त्याचा आनंद वेगळा.

मे महिन्यात सिनेमा संपत आला तेव्हा गच्चीवर कुणी उठलं नव्हतं. बेलाजिओच्या कारंज्यासमोर टोळी रांगेनं उभी राहते, मागे दबुसीचं संगीत, आणि एकही शब्द न बोलता एकेक जण निघून जातो. आजोबा पुढे झुकून बोटं मिटत होते. शेवटी सॉल एकटा उरला, तोही गेला.

“दहाच झाले,” ते म्हणाले. “अकरावा?”

डॅनीला पोलिसांनी नेलं ना, मी म्हटलं.

“हां. मग बरोबर आहे,” म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.