लाल भोपळ्यासाठी स्टीलचं मोदकपात्र : वापरून सांगते

आमच्याकडे दिवाळीनंतर सासरहून अख्खे लाल भोपळे येतात, त्यामुळे घरात ते टिकवायचे कसे हा प्रश्न दरवर्षीचा. त्यासाठी तुळशीबागेतून घेतलेलं स्टीलचं मोदकपात्र मला फार उपयोगी पडलं आहे. दोन चाळण्या, जाड बूड, घट्ट बसणारं झाकण, किंमत साधारण 1,600 रुपये. गणपतीत मोदक होतातच, पण माझ्या घरी ते सगळ्यात जास्त चालतं भोपळ्यासाठी.

भोपळा कुकरमध्ये शिजवला की शिटीच्या घाईत फोडी गळून जातात आणि गराला पाणी सुटतं. घारग्यांना हा सैल गर अजिबात चालत नाही. गर आणि गूळ एकत्र शिजवून त्यात मावेल तेवढीच कणीक घालायची असते. गर पातळ असला की कणीक वाढत जाते, भोपळ्याची चव मागे पडते आणि घारगे चिवट होतात. मोदकपात्रात फोडींना पाणी लागतच नाही, फक्त वाफ लागते. खालचं पाणी खळखळ उकळल्यावर सालीची बाजू खाली ठेवून फोडी एका थरात मांडते. वीसेक मिनिटांत गर इतका मऊ होतो की चमच्याने सालीपासून सहज सुटतो. कच्च्या भोपळ्याची साल काढताना मनगट दुखतं, तो त्रासच संपला.

त्याआधी चिरणं. पिकलेल्या भोपळ्याची साल नखाने टोचली तरी आत जात नाही, आणि टिकणारा भोपळा तोच. सुरी त्यावर घसरते, म्हणून मी अजून विळीच वापरते. बिया आणि मधले दोरे लगेच काढायचे, कारण चिरलेला भोपळा आधी तिथूनच बुळबुळीत होतो. तो भाग काढून, झाकून फ्रीजमध्ये ठेवलेली फोड तीन-चार दिवस चांगली राहते. बिया धुऊन, कडक वाळवून कढईत थोडं मीठ घालून भाजते. मुलं त्या संपवतात.

शिजलेला गर पावभाजीच्या मॅशरने घोटून, गार करून, एकेक वाटी मोजून झिपच्या पिशव्यांत भरते. पिशवी हाताने चपटी करायची. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर सुटतो, शिवाय फ्रीझरमध्ये पिशव्या उभ्या रचता येतात. वर तारीख लिहायची. सहा-आठ महिने चव छान राहते. एका पिशवीला पाऊण वाटी गूळ घातला की घारग्यांचं माप जमतं. भरितालाही हाच गर घेते : दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी मात्र ताज्या फोडींचीच करावी, गोठवलेल्या फोडी कढईत विरघळतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हा गर बरणीत हवाबंद करून बाहेर ठेवू नका, बरणी कितीही उकळून घेतली तरी. भोपळ्यात आंबटपणा फार कमी असतो, आणि हवाबंद जागेत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, आणि विष तयार झालेलं चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही. घरी टिकवायचा तर फ्रीझर, किंवा अख्खा भोपळाच.

अख्खा भोपळा तर मला सगळ्यात आवडतो. देठ दोन-तीन बोटं ठेवूनच तोडलेला हवा, आणि उचलताना देठाला धरायचं नाही. देठ निघाला की तिथून सड सुरू होते. माझ्या सासूबाई माळ्यावर फळीवर गवत पसरून भोपळे एकमेकांना न लागतील असे ठेवतात आणि अधूनमधून फिरवून बघतात. मऊ डाग दिसला की तो आधी चिरायचा. मोसमातले भोपळे असे उन्हाळ्यापर्यंत पुरतात.

आता पात्राच्या उणिवा. खालच्या भांड्यात पाणी कमी मावतं, त्यामुळे दुसरा घाणा लावण्याआधी उकळतं पाणी घालावं लागतं. थंड पाणी घातलं की वाफ मोडते आणि फोडी अर्धवट राहतात. झाकणाची मूठ धातूची आहे, फडक्याशिवाय धरता येत नाही. वरच्या चाळणीला वाफ उशिरा पोचते, म्हणून जाड फोडी खाली आणि पातळ वर ठेवते. दुकानात घेताना दोन्ही चाळण्यांमधलं अंतर हाताने मोजून बघा. चार बोटं तरी हवं, नाहीतर भोपळ्याची फोड उभी मावत नाही.